एमडी न करण्याची सतरा कारणं

आमचे डॉक्टर तरुणपणी एमडी करायला मुंबईला गेले होते आणि अकराव्या दिवशी परत आले होते. ही गोष्ट धुळ्याच्या देवपुरात लहानथोर सगळ्यांना माहीत होती. का परत आले, हे मात्र प्रत्येकाला वेगवेगळं माहीत होतं, आणि प्रत्येकाला ते खुद्द डॉक्टरांनीच सांगितलेलं होतं.

समोर शेतकरी असला की कारण डाळीचं असायचं. "मेसमध्ये डाळीत साखर घालायचे हो! तिखटजाळ फौजदारी डाळ खाऊन वाढलेला माणूस मी. तग धरणार किती?" शेतकरी हळहळायचा. कचेरीतला कुणी साहेब आला की लिफ्ट निघायची. वॉर्ड सहाव्या मजल्यावर होता आणि पहिल्याच आठवड्यात लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध पाऊण तास अडकली होती. रेल्वेतल्या माणसाला सांगायचे, की खोलीतला सोबती भुसावळचा होता, झोपेत गाड्यांच्या वेळा म्हणायचा आणि त्याची एकही गाडी वेळेवर नसायची. बायकांसाठी दमट हवा होती. दोनच शर्ट नेले होते आणि ते वाळायचे नाहीत. आम्हा शिकाऊ डॉक्टरांसाठी त्यांनी एक भारदस्त कारण राखून ठेवलं होतं. प्राध्यापक एका म्हातारीला 'बारा नंबर' म्हणाले, तेव्हा डॉक्टरांनी म्हणे भर राउंडमध्ये तिचं नाव सांगितलं. प्राध्यापक म्हणाले, परीक्षेत नाव विचारत नाहीत. झालं, त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी वळकटी बांधली. हे ऐकताना माझे डोळे भरून आले होते, हे कबूल करते. डाळीचं कारण मी त्यानंतर दोन दिवसांनी ऐकलं.

वर्षभरात मी अशी सोळा कारणं मोजली.

कुणाला कोणतं सांगितलं याची नोंद सुपडू अण्णा ठेवायचे. अण्णा म्हणजे कंपाउंडर. बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवताना जी टापटीप, तीच या कामात. पेशंटच्या केसपेपरच्या कोपऱ्यात ते बारीक अक्षरात 'डा', 'लि', 'श' असं लिहून ठेवत. पहिल्या आठवड्यात मला हे कुणी सांगितलं नव्हतं. एरंडोलच्या कचेरीतल्या एका भाऊंच्या कागदावर 'लि' बघून, लिव्हर समजून मी त्यांना टेबलावर झोपवलं आणि दहा मिनिटं त्यांचं यकृत चाचपलं. ते बिचारे सर्दीसाठी आले होते. पडद्याआडून अण्णा कुजबुजले, "ताई, ती लिफ्ट आहे."

मी तिथे कशी आले ते सांगते. आमचं घर रावेरकडचं, केळीच्या बागा असलेलं. एमबीबीएस झालं, इंटर्नशिप झाली, सरकारी दवाखान्यात वर्षभर हाऊस पोस्ट झाली. आता पुढे काय, हा प्रश्न फक्त मला पडला होता, बाकी सगळ्यांनी उत्तर देऊन टाकलं होतं. बाई आहे, म्हणजे बाळंतपणं करणार. मार्क बरे होते, त्यामुळे पुण्याला स्त्रीरोगाची जागा मिळेल अशी चिन्हंही दिसत होती. मला जायचं नव्हतं. का नव्हतं, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. विचारणाऱ्याला मी म्हणायची, मला सगळ्या प्रकारचे पेशंट आवडतात. जनरल प्रॅक्टिस शिकायची म्हणून मी देवपुरात एक वर्षासाठी या डॉक्टरांची मदतनीस झाले. एका मैत्रिणीने सांगितलं होतं, की शहाणा माणूस आहे, पण थोडा सर्किट आहे. थोडा हा शब्द तिने मैत्रीखातर वापरला असावा.

त्यांच्या दवाखान्यात हातांची, गादीची खुर्ची पेशंटला होती आणि डॉक्टर स्टुलावर बसत. स्टूलही असं, की एक पाय तोकडा. ते डुगडुगत राहायचं आणि डॉक्टर त्याबरोबर. मी एकदा पायाखाली पुठ्ठा सरकवला तर चिडले. "मला झोप लागली तर जबाबदार कोण? काढ तो!"

त्यांची लूना होती. ती ते माणसाच्या चालीने चालवायचे, त्यामुळे पांझरा नदीच्या पुलावरून ते निघाले की चार माणसं बाजूने चालत दुखणी सांगत. पुलाच्या अलीकडे लक्षणं, मधोमध निदान, पलीकडे पथ्य. मागच्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून वाजवून नाद सोडला होता. एकदा एका ट्रक ड्रायव्हरनेच गाडी बाजूला लावून पोटात जळजळ होते म्हणून सांगितलं, आणि त्यालाही पलीकडच्या टोकाला पथ्य मिळालं.

पण त्यांची खरी तऱ्हा दुसरीच होती. कुठलाही पेशंट मोठ्या डॉक्टरकडे पाठवायचा झाला, तर चिठ्ठी देऊन मोकळं व्हायचं हे त्यांना मान्य नव्हतं. स्वतः बरोबर जायचे. दवाखान्यात पंचवीस माणसं ताटकळत असली तरी अण्णांना सांगून निघायचे, नदीपलीकडे गावात त्या तज्ज्ञाच्या बाकावर पेशंटशेजारी बसायचे, आणि नंबर लागला की आत. "चिठ्ठी बोलत नाही," म्हणायचे. "घाबरलेला माणूस तर त्याहून नाही." धुळ्यातले निम्मे तज्ज्ञ कधीकाळी त्यांच्याकडेच मदतनीस होते. डॉक्टर दारात दिसले की ते खुर्चीतून उठून उभे राहत आणि त्यांच्या तोंडावर तोंडी परीक्षेची कळा येई.

एकदा कुसुंब्याच्या एका आबांना छातीत दुखतं म्हणून आम्ही हृदयवाल्यांकडे नेलं. मीही बरोबर होते. त्या तज्ज्ञांनी कार्डिओग्रामची पट्टी टेबलावर पसरली.

"आता समजावून सांग," आमचे डॉक्टर म्हणाले.

"सर, तुम्हाला काय सांगायचं?"

"मला नको. आबांना सांग. त्यांचं हृदय आहे."

तज्ज्ञांनी घाम पुसत सगळं सांगितलं. झडपा, रक्तवाहिन्या, गुठळ्या. आबांची बायको पदर सावरून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ते बठ्ठं र्‍हाऊ द्या. यास्ले तिखट दिऊ का नको, ते सांगा."

तज्ज्ञ पुन्हा पट्टीकडे बघायला लागले. डॉक्टर माझ्याकडे वळून खूश होऊन म्हणाले, "बघ! हा प्रश्न पेपरात येतच नाही."

असा हा माणूस. जनरल प्रॅक्टिसचं कौतुक करायला लागला की थांबायचा नाही. "एमडी म्हणजे काय? एकाच दारातून आयुष्यभर आत-बाहेर. आपल्याला अख्खं घर मोकळं." हे ऐकून मी सुखावायची. माझ्या मनातलंच बोलत होते. म्हणूनच त्यांचा एक नियम मला उमगत नव्हता. कुठल्याही मदतनीसाला ते वर्षाच्या वर ठेवत नसत. वर्ष झालं की म्हणायचे, "जा आता. पुढचं शीक." रडा, हातापाया पडा, काही उपयोग नाही. माझ्या आधीच्या मदतनीस मुलाने अंगात ताप आहे असं सांगून आठवडा काढला होता. आठव्या दिवशी डॉक्टर त्याला लूनावर बसवून एसटी स्टँडवर सोडून आले.

माझं वर्ष भरत आलं आणि सगळ्यांच्या आग्रहाखातर केलेल्या अर्जाला पुण्याचं उत्तरही आलं. जागा मिळाली होती. पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं.

मी नाही म्हणून सांगितलं. मला इथेच राहायचंय, सर. मला गावाकडची माणसं आवडतात. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, घरी वडिलांना एकट्याने बाग झेपत नाही. तिसऱ्या दिवशी म्हटलं, पुण्याचं पाणी मला बाधतं. पुण्याला मी एकदाच, शाळेच्या सहलीला गेले होते. डॉक्टर दर वेळी नुसते माझ्याकडे बघायचे आणि स्टूल डुगडुगायचं. कधी नव्हे ते त्यांनी एकदाही वाद घातला नाही.

रावेरला गेले तर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ओसरीवर बसवून विचारलं. त्यांना एवढंच कळलं होतं, की पोरगी काहीतरी टाळते आहे. "नसीन जायचं तं नको जाऊ," ते म्हणाले. "पन मले कारन एकच सांग. रोज नवं काहाले सांगते?" मी उठून आईला मदत करायला आत गेले, जे मी एरवी कधी करत नसे, आणि त्यावरून आबा काय समजायचं ते समजले.

इकडे देवपुरात वेगळाच गोंधळ. डॉक्टरबाई परत शिकायला जाणार ही बातमी दवाखान्याच्या बाकावर फुटली. आता आमच्या पेशंटांच्या हिशेबाने शिक्षण एकदाच असतं. ते झालं की माणूस डॉक्टर होतो. मग झालेला माणूस पुन्हा का शिकायला जातो? याचा अर्थ एकच.

गंगू अक्का, जिची शुगर मी वर्षभर सांभाळत होते, तिने माझा हात हातात घेतला. "काय वं बाई, नापास व्हयनी का तू?"

"नाही हो अक्का. हे पुढचं शिक्षण."

"र्‍हाऊ दे. माले सांग, मी कोनले नही सांगाव." बाकावरच्या अकरा माणसांनी मान डोलावली. "रडू नको. मना भाचा दोन डाव नापास व्हयना. आते मास्तर शे."

मी समजावलं, तितकी माझी बाजू लंगडी पडत गेली. नापास माणूसही हेच बोलतो, असा त्यांचा अनुभव होता. दोन घरांनी पोरांना औषध देण्याआधी नानांना, म्हणजे डॉक्टरांना, माझी चिठ्ठी दाखवून घ्यायला सुरुवात केली. एकीने बदाम आणून दिले, डोकं चालावं म्हणून. आणि कुसुंब्याहून तेच छातीत दुखणारे आबा आले, चांगले बरे होऊन, हातात कागदाची गुंडाळी घेऊन.

"नाना," ते डॉक्टरांना म्हणाले, "तुम्ही त्या परीक्षावाल्यासले सांगा. हाई बाईना हातले गुण शे. बठ्ठा गाव सही करी." गावाने केलीच होती. त्या अर्जावर सत्तरेक सह्या आणि अंगठे होते आणि वर शाळामास्तरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, की सदरहू डॉक्टरबाई स्वभावाने शांत व इंजेक्शन देण्यात हलक्या हाताच्या असून त्यांस पास करण्यात यावे.

डॉक्टरांनी तो अर्ज उभं राहून वाचला. मला वाटलं, आता तरी हे खुलासा करतील. पण ते म्हणाले, "आबा, बाई जाते आहे पेपर द्यायला. अर्ज मी तिच्याबरोबर पाठवतो." आबा मला आशीर्वाद देऊन निघून गेले. मी डॉक्टरांवर अशी भडकले, की अण्णांच्या हातून बाटलीची पट्टी तिरकी लागली. "सर, सगळं गाव मला नापास समजतंय!"

"समजू दे. आता इथे राहिलीस तर नापास म्हणून राहशील. निदान त्यासाठी तरी जाशील."

याला काय म्हणावं? मी गेले. रागारागात गेले. अर्ज बॅगेत होता, बदाम बॅगेत होते, आणि एसटी सुटेपर्यंत मी त्या माणसाकडे बघितलंसुद्धा नाही.

पाच आठवड्यांनी एका सकाळी मी तीच बॅग घेऊन देवपुरात दवाखान्याच्या पायरीवर उभी होते. अण्णा दार उघडत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं, आणि केसपेपरांच्या गठ्ठ्यातून एक कोरा कागद काढून त्यावर माझं नाव लिहिलं.

डॉक्टर आले. मला त्यांनी पेशंटच्या खुर्चीत बसवलं, स्वतः स्टुलावर बसले आणि कोरा कागद पुढे ओढला. "काय होतंय?"

"तिथलं जेवण..." मी सुरू केलं.

"डाळीत साखर?"

मला रडू कोसळलं. मग मी जे दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्यांना सांगितलं. हाऊस पोस्टला असताना एका बाईला बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला. काय करायचं ते मला पुस्तकासकट पाठ होतं. पण माझे हात हललेच नाहीत. सिस्टरने मला खांद्याने बाजूला ढकललं आणि सगळं तिने केलं. बाई वाचली, घरी गेली, मला पेढाही देऊन गेली. तेव्हापासून लेबर रूमच्या दारात माझे हात गार पडायचे. पुण्यात पाच आठवडे मी या ना त्या निमित्ताने मागे उभी राहिले. सहाव्या आठवड्याचा ड्यूटीचा तक्ता लागला, त्यात माझं नाव पहिलं होतं. मी बॅग भरली.

डॉक्टरांनी कागदावर काहीच लिहिलं नाही. पेन बाजूला ठेवून म्हणाले, "माझं लंबर पंक्चर होतं."

"म्हणजे?"

"दहाव्या दिवशी मला एका माणसाच्या पाठीत सुई घालायची होती. मणक्यातलं पाणी काढायला. इथे धुळ्यात मी बघितलेलं होतं, केलेलं नव्हतं. सगळे गोल करून उभे होते. माझा हात असा..." त्यांनी हात पुढे धरला. तो स्थिर होता. "मी म्हटलं, जरा पाणी पिऊन येतो. पाणी प्यायला मी थेट धुळ्यात आलो."

अण्णा पडद्याआड होते. बाटल्यांचा आवाज थांबला होता. वीस वर्षं त्या माणसाने कोपऱ्यात कारणं लिहिली, हे एक त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"परत आलो तेव्हा मला कुणी विचारलंच नाही," डॉक्टर म्हणाले. "आईने तर मुलगा परत आला म्हणून पेढे वाटले. लोक म्हणाले, काय मोठेपण, गावासाठी एमडी सोडलं! मीही म्हटलं, बरं आहे. आता तुझंही तसंच करता येईल. उद्यापासून ये. शेजारची खोली रिकामी आहे. लोक तुला डोक्यावर घेतील, आणि काम तुला खरंच छान जमेल. मलाही जमलं. वाईट डॉक्टर नाही मी." स्टूल डुगडुगलं. "फक्त दर वेळी नवं कारण शोधावं लागतं. आणि सांगतो तुला, कारणं आता संपत आली आहेत."

मला त्या क्षणी त्या माणसाबद्दल जे वाटलं, ते मला नंतर फार थोड्या लोकांबद्दल वाटलं आहे. मी डोळे पुसले आणि विचारलं, पुण्याची गाडी कितीला आहे.

"साडेअकरा. चल, मी येतो बरोबर."

येणारच होते. एवढ्या वर्षांत त्यांनी एकही पेशंट एकटा पाठवला नव्हता. अण्णांना दवाखाना सांभाळायला सांगून, पायातल्या चपलांनिशी ते माझ्याबरोबर गाडीत बसले, कंडक्टरकडून स्वतःचं पुण्याचं तिकीट घेतलं, आणि वाटेत सांगायला लागले, की तुझ्या पुण्याच्या मॅडमना मी काय काय विचारणार आहे, आणि तुला पहिले आठ दिवस कुणाच्या शेजारी उभं करायला लावणार आहे. गाव मागे पडलं. ते हळूहळू बोलायचे थांबले. मी वळून बघितलं तर कपाळावर घाम, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले.

धुळ्यापासून अर्ध्या तासावरच्या आर्वीला गाडी थांबली तेव्हा ते उठले. मला वाटलं, पाणी प्यायला. ते खाली उतरून माझ्या खिडकीशी आले. साठीचा माणूस, पण चेहरा पोरासारखा झाला होता.

"मला नाही येववत गं," ते म्हणाले. "कॉलेजचं फाटक डोळ्यांपुढे आलं. माझी मजल एवढीच."

कंडक्टरने घंटी दिली. डॉक्टरांनी खिडकीच्या गजावर हात ठेवला आणि गाडीबरोबर चार पावलं चालत आले.

"तू उतरू नकोस," ते म्हणाले.

मी उतरले नाही.